तीन फूट पाणी

ऑगस्ट १९४३. वेलिंग्टन, न्यूझीलंड.

व्हाइस ॲडमिरल रेमंड स्प्रूअन्स अमेरिकेच्या दुसऱ्या मरीन डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल ज्युलियन स्मिथ यांना पुढचे लक्ष्य सांगतात. गिल्बर्ट द्वीपसमूहातील तारावा, आणि तारावाच्या प्रवाळबेटांपैकी बेटिओ. लांबी तीन किलोमीटरहून थोडी जास्त. सर्वांत रुंद जागीही साडेसातशे मीटर भरत नाहीत. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम तीन मीटर. मधोमध धावपट्टी आहे, आणि मार्शल बेटांकडे सरकण्यासाठी तीच धावपट्टी हवी आहे. मार्शलची मोहीम १९४४च्या सुरुवातीला ठरली आहे. म्हणून गिल्बर्टची तारीखही ठरली : २० नोव्हेंबर.

सप्टेंबर–ऑक्टोबर १९४३.

विमानांतून बेटाची छायाचित्रे घेतली जातात. ‘नॉटिलस’ पाणबुडी पेरिस्कोपमधून किनाऱ्याचे फोटो काढते. जपान्यांनी पाण्यावर बांधलेली शौचालये या छायाचित्रांत दिसतात. एका शौचालयामागे किती माणसे असतात हे धरून हिशेब केला जातो आणि शिबंदीचा आकडा निघतो : सुमारे ४,८००. तो जवळजवळ अचूक ठरला.

बेटावर कोण किती आहे, तोफा कुठे आहेत, सुरुंग कुठे पेरले आहेत, हे बरेचसे कळले. दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यांवर बंदोबस्त सर्वांत कडक होता, म्हणून उत्तरेकडून, लगूनच्या आतल्या शांत पाण्यातून चढाई करायचे ठरले. हा निर्णय बरोबर होता. मात्र त्या बाजूला किनाऱ्यापासून शेकडो मीटर पसरलेला प्रवाळाचा खडक होता, आणि त्या खडकावर २० नोव्हेंबरच्या सकाळी किती पाणी असेल हे छायाचित्रांतून कळण्यासारखे नव्हते.

हाताशी असलेल्या नकाशांपैकी काही १८४१चे होते. म्हणून या बेटांवर राहिलेले किंवा इथल्या पाण्यातून जहाजे नेलेले ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे लोक गोळा केले गेले. बहुतेकांनी सांगितले, पाच फूट पाणी मिळेल. सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या, माणसांनी भरलेल्या हिगिन्स बोटीला साडेतीन ते चार फूट पुरतात. पाच फुटांत ती सहज निघाली असती.

नोव्हेंबरच्या आधीचे आठवडे.

मेजर फ्रँक हॉलंड गिल्बर्ट बेटांवर पंधरा वर्षे राहिलेले. तारीख कानावर पडताच ते हादरतात. त्या दिवशी खडकावर तीन फुटांहून जास्त पाणी मिळणार नाही, असे ते स्पष्ट सांगतात.

त्यांचे म्हणणे कोकणातल्या कोणत्याही मच्छीमाराला न समजावता कळले असते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग. भांगाच्या दिवसांत भरती नीट चढत नाही आणि ओहोटी नीट उतरत नाही. २० नोव्हेंबर १९४३ला चंद्र शेवटच्या चतुर्थांशात होता. आपल्या पंचांगात कार्तिक वद्य अष्टमीच्या आसपासचा. त्यातच तो पृथ्वीपासून सर्वांत दूर जाण्याच्या बेतात होता, म्हणजे त्याची ओढ आणखी कमी. १९८७ साली डोनाल्ड ओल्सन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवले की असा दुहेरी योग त्या वर्षी दोनदाच आला होता. त्यातला एक नेमका हाच होता.

१९४३मध्ये हे गणित कोणी केले नव्हते. हॉलंड यांनी केवळ पाहून ठेवले होते. त्यांच्या भाषेत ती लहरी भरती, कधी येईल आणि किती येईल याचा नेम नसलेली.

ज्युलियन स्मिथ ऐकतात आणि मनावर घेतात. आपल्या माणसांना ते सांगून टाकतात की खडकापासून पुढे पाण्यातून चालत जावे लागण्याची शक्यता निम्मी आहे. तारीख मात्र बदलत नाही. एका बेटासाठी अख्ख्या प्रशांत महासागराचे वेळापत्रक मागे ढकलायला कोणी तयार नव्हते, आणि तो अधिकार स्मिथ यांचा नव्हता.

मग उत्तर एकच उरते : पाणी नसले तरी खडकावरून चालू शकेल असे वाहन.

असे वाहन होते. ॲम्फिबियन ट्रॅक्टर, सैनिकी कागदांत एलव्हीटी. पाण्यात तरंगणारे, खडकावर आणि वाळूवर रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे. तोवर त्याचा वापर सामान वाहण्यासाठी होत असे. डिव्हिजनकडे कामात आणता येतील असे ७५ होते, तेही ग्वाडलकनालच्या लढाईपासून वापरून झिजलेले. वेलिंग्टनमध्ये त्यांना बॉयलरचे पत्रे ठोकून चिलखत चढवले गेले. आणखी ५० हवे होते. आरमाराचे रिअर ॲडमिरल केली टर्नर यांना त्यांची गरज वाटत नव्हती. मरीन कोअरचे मेजर जनरल हॉलंड स्मिथ यांनी निर्वाणीचे सांगितले : एलव्हीटी नाहीत तर मोहीमही नाही. ५० मिळाले.

एकूण १२५. पहिल्या तीन लाटांपुरते ते पुरतात. चौथ्या लाटेपासून पुढची सगळी माणसे, तोफा आणि डॉक्टर हिगिन्स बोटींत.

ज्युलियन स्मिथ आणखी तीन गोष्टी मागतात. चढाईआधी कित्येक दिवसांचा तोफमारा, शेजारच्या बैरिकी बेटावर आधी तोफखाना उतरवण्याची परवानगी, आणि सहावी मरीन रेजिमेंट. तोफमारा काही तासांवर येतो, कारण जपानी आरमार मदतीला धावण्याआधी काम उरकायचे आहे. बैरिकीला नकार मिळतो. सहावी रेजिमेंट वरिष्ठांच्या राखीव दलात जाते. समोरासमोर धडक देण्याचा हा आराखडा आपल्यावर लादलेला आहे, हे लेखी आदेशात यावे असा स्मिथ आग्रह धरतात. ते लिहून दिले जाते.

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. एफाते बेट, न्यू हेब्रिडीज.

शेवटची रंगीत तालीम. आरमार, विमाने, रणगाडे आणि पायदळ यांची एकत्र चढाई हा या मोहिमेचा प्राण आहे. प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या घड्याळावर बेतलेले. पण तालमीला विमानवाहू नौका नाहीत, त्या सॉलोमन बेटांकडे गुंतल्या आहेत. नवे ५० एलव्हीटी सामोआहून थेट तारावाला निघाले आहेत. शर्मन रणगाडे उतरवायला जागा नाही. युद्धनौका तोफा डागतात, त्याही माणसे उतरत आहेत तिथून दूर असलेल्या दुसऱ्याच बेटावर. चारही अंगे एकमेकांना पहिल्यांदा भेटणार ती शत्रूच्या समोर.

इथेच चढाई करणाऱ्या रेजिमेंटचे प्रमुख आजारी पडतात. ज्यांनी आराखडा आखला त्या डेव्हिड शूप यांना कर्नल करून चढाईची सूत्रे दिली जातात. शूप यांनी तोवर लढाईत तुकडी चालवलेली नाही.

तोफमाऱ्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल किंगमन अधिकाऱ्यांच्या बैठकीत सांगतात की बेटिओ केवळ निकामी करायचे नाही, नामशेष करायचे आहे. ज्युलियन स्मिथ उठून आठवण करून देतात की नौसैनिकांभोवती पोलादी चिलखत असते. संगीन घेऊन किनारा ओलांडणाऱ्या मरीनच्या अंगात खाकी सदराच असतो.

२० नोव्हेंबर १९४३. मध्यरात्रीनंतर.

ताफा तारावापाशी पोचला आहे. जहाजांवर न्याहारी वाढली जाते : स्टेक, अंडी, बटाटे, कॉफी. नौदलाच्या शल्यविशारदांना हे पसंत नाही. पोटात गोळी लागलेल्या माणसाचे पोट भरलेले नसावे.

बेटावर रिअर ॲडमिरल केइजी शिबाझाकी यांच्या हाताखाली सुमारे २,६०० लढवय्ये आहेत. उरलेले बांधकामाचे मजूर, त्यांतले हजाराहून अधिक कोरियातून आणलेले. या मजुरांनी वर्षभर नारळाची खोडे, काँक्रीट आणि वाळू रचून बंकर उभे केले. त्याचे कारण अमेरिकेनेच पुरवले होते. ऑगस्ट १९४२मध्ये कार्लसन यांच्या तुकडीने जवळच्या माकिनवर छापा घातला आणि परत गेली. गिल्बर्ट बेटे किती उघडी आहेत हे त्या छाप्याने जपानला दाखवून दिले.

पहाटे ३.२०.

दोरांच्या जाळ्यांवरून माणसे अंधारात बोटींत उतरू लागतात.

साडेचारच्या सुमारास.

जहाजे चुकीच्या जागी आहेत, जास्त दक्षिणेला. प्रवाहाने ती किनारी तोफांच्या टप्प्यात आली आहेत. त्यांना उत्तरेला सरकण्याचा हुकूम मिळतो. अर्धवट भरलेल्या बोटी अंधारात त्यांच्या मागे धावतात. वेळापत्रकाला पहिला धक्का इथे बसतो.

४.४१.

बेटावरून तांबडा इशारा-गोळा आकाशात चढतो. शिबंदी जागी आहे.

५.०७.

जपानी किनारी तोफा सुरू होतात. ‘मेरीलँड’ आणि ‘कोलोरॅडो’ या युद्धनौका उत्तर देतात. १६ इंची गोळ्यांपैकी एक आठ इंची तोफांच्या दारूगोळ्यावर पडतो आणि प्रचंड स्फोट होतो.

‘मेरीलँड’वरच ताफ्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल हॅरी हिल आणि ज्युलियन स्मिथ आहेत, चढाईचे सारे संदेश तिथूनच जायचे आहेत. तिच्या स्वतःच्या तोफांच्या पहिल्याच हादऱ्याने तिची संदेशयंत्रे बंद पडतात. दिवसभर ती मधूनमधून बंदच पडत राहतील.

५.४२.

हिल तोफमारा थांबवतात. ५.४५ला विमाने येणार आहेत, त्यांच्या वाटेत आपले गोळे नकोत.

५.४५.

विमाने येत नाहीत. विमानवाहू नौकांवर हल्ल्याची वेळ सूर्योदयाची समजली गेली आहे. ‘मेरीलँड’ला त्यांच्याशी बोलता येत नाही. जपानी तोफा पुन्हा सावरतात आणि माणसे उतरवणाऱ्या जहाजांवर मारा करू लागतात.

६.०५.

वाट पाहून हिल पुन्हा तोफा सुरू करतात. पाच-सात मिनिटांत विमाने येतात, आणि तोफा परत थांबवाव्या लागतात. अर्ध्या तासाचा हवाई हल्ला दहा मिनिटांत आटोपतो.

सव्वासहानंतर.

मुख्य तोफमारा. विमानांचे बाँब धरून त्या सकाळी सुमारे तीन हजार टन स्फोटके बेटिओवर पडतात. पाहणाऱ्यांना वाटते, तिथे आता कोणी जिवंत नसेल. बेट धुराखाली दिसेनासे होते.

प्रत्यक्षात बरेच गोळे सपाट रेषेत येऊन बेटावरून पलीकडे निघून गेले किंवा वाळूच्या थराने झेलले. बंकर बहुतेक शाबूत राहिले. तुटल्या त्या टेलिफोनच्या तारा. त्या जमिनीत खोल पुरलेल्या नव्हत्या. त्याचा परिणाम रात्री दिसेल.

‘परस्यूट’ आणि ‘रिक्विझिट’ या सुरुंगशोधक नौका लगूनची वाट मोकळी करतात. मागोमाग ‘रिंगगोल्ड’ आणि ‘डॅशिएल’ या विनाशिका आत शिरतात. ‘रिंगगोल्ड’ला दोन गोळे लागतात, दोन्ही फुटत नाहीत.

८.२४.

एलव्हीटींची पहिली लाट लगूनमधली प्रस्थानरेषा ओलांडते. धुरात रेषा दिसावी म्हणून ‘परस्यूट’ने प्रकाशझोत सोडला आहे. चढाईची वेळ होती ८.३०. किनारा अजून साडेपाच किलोमीटरच्या आसपास दूर आहे. वारा आणि लाटा समोरून आहेत, आणि जुने ट्रॅक्टर अपेक्षेपेक्षा हळू चालत आहेत.

हिल वेळ बदलून ८.४५ करतात. मग ९.००. हा बदल सगळ्या विमानांपर्यंत पोचत नाही. किनाऱ्यावर गोळीबार करायला ठेवलेली काही विमाने जुन्याच वेळेवर येतात आणि काम उरकून जातात.

पाणी याच वेळेत चढायला हवे होते. बेटावर घिरट्या घालणाऱ्या टेहळणी विमानातून खडक दिसतो आहे, जागोजागी उघडा. लाटा निघून गेलेल्या आहेत. त्यांना परत बोलावण्याची कोणतीही सोय आराखड्यात नाही.

८.५४.

हिल तोफा थांबवतात. धुरामुळे लाटा कुठवर गेल्या हे दिसत नाही, आणि आपलेच गोळे आपल्या माणसांवर पडण्याची भीती आहे. ज्युलियन स्मिथ आणि त्यांचे चीफ ऑफ स्टाफ एडसन कळकळीने विरोध करतात. लगूनमधल्या दोन विनाशिका थोडा वेळ मारा चालू ठेवतात. बाकी सगळे शांत होते.

हिल यांची भीती खरी होती. त्या धुरात कोणीही चुकले असते. तरीही त्या सकाळच्या सगळ्या निर्णयांत मला हा सर्वांत जड वाटतो. पहिला ट्रॅक्टर किनाऱ्याला लागायला अजून १६ मिनिटे होती, मधल्या किनाऱ्यावर २८. शिबाझाकींनी तेवढ्या वेळात दक्षिण किनाऱ्यावरची माणसे उत्तरेला हलवली.

९.१०.

पहिले एलव्हीटी ‘रेड वन’ किनाऱ्यावर टेकतात. ९.१७ला ‘रेड थ्री’, मेजर हेन्री क्रो यांची बटालियन. ९.२२ला मधला ‘रेड टू’. इथे बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हर्बर्ट एमी वाळूपर्यंत पोचण्याआधीच मारले जातात.

खडक ट्रॅक्टरांना अडवत नाही. हॉलंड स्मिथ जे म्हणत होते ते इथे खरे ठरते. पहिल्या तीन लाटांच्या ८७ ट्रॅक्टरांपैकी किनाऱ्याकडे जाताना बंद पडतात अवघे आठ. सुमारे दीड हजार माणसे नारळाच्या खोडांच्या भिंतीखाली पोचतात आणि तिथे अडकून पडतात.

आता हे ट्रॅक्टर मागे फिरून खडकाच्या कडेवरून पुढच्या लाटांची माणसे आणणार, असे ठरले आहे. पण गोळ्यांनी त्यांची चाळण झाली आहे. आणखी पंधरा खोल पाण्यात जाताच बुडतात. त्यांचे प्रमुख मेजर हेन्री ड्र्यूज मारले गेले आहेत.

साडेनऊच्या सुमारास.

चौथी लाट. हिगिन्स बोटी खडकाला येऊन थडकतात आणि थांबतात.

पाणी तीन फूट, कुठे त्याहून कमी.

बोटींच्या पुढच्या फळ्या खाली पडतात. इथून किनारा पाचशे मीटर किंवा त्याहून दूर. कंबरेपर्यंत पाणी, डोक्यावर धरलेल्या रायफली, पाठीवर ओझे. धावता येत नाही. आडोसा नाही. समोर आणि दोन्ही बाजूंना मशीनगन. पायाखाली मधूनच तोफगोळ्याचा खोल खड्डा लागतो, आणि ओझ्यासकट माणूस त्यात जातो.

९.५९.

‘रेड वन’समोर पाण्यावर असलेल्या मेजर जॉन शोएटेल यांचा शूप यांना संदेश : सगळ्या किनाऱ्यावर जबर मारा, सर्वांना उतरवणे अशक्य, निकाल अनिश्चित. काही मिनिटांनी दुसरा : बोटी खडकावर अडल्या आहेत, माणसांवर पाण्यातच गोळीबार होतो आहे. शूप उत्तर देतात : ‘रेड टू’वर उतरून पश्चिमेकडे सरका. शोएटेल कळवतात, उतरवायला काही उरलेले नाही.

दहानंतर.

शर्मन रणगाडे खडकाच्या कडेला सोडले जातात. ‘रेड वन’वर पोचलेले रणगाडे किनाऱ्यावर चढू शकत नाहीत, कारण वाळूवर मेलेले आणि जखमी दाटीने पडले आहेत. त्यांना चिरडायचे नाही म्हणून चालक परत पाण्यात वळतात, दुसरी वाट शोधतात. त्यांतले बहुतेक पाण्याखालच्या खड्ड्यांत बुडतात. युद्धशास्त्राची पुस्तके याला समन्वयाचा अभाव म्हणतील. रणगाड्यांत बसलेल्या त्या पोरांनी तेव्हा काय निवडले, तेही तितक्याच ठळकपणे नोंदले पाहिजे.

दुपारी बाराच्या सुमारास.

पायाला जखम झालेले शूप एका जपानी बंकरच्या भिंतीला टेकून आपले ठाणे मांडतात. बंकरच्या आत जपानी सैनिक जिवंत आहेत.

खडकावर पाणी चढलेले नाही.

१.३०.

ज्युलियन स्मिथ हॉलंड स्मिथ यांच्याकडे सहावी रेजिमेंट मागतात. संदेशात तेच शब्द : निकाल अनिश्चित. तासाभराने मंजुरी येते.

दुपारीच केव्हातरी शिबाझाकी आपला काँक्रीटचा बंकर जखमींसाठी रिकामा करून दुसरीकडे निघतात. उघड्यावर असताना विनाशिकांचा मारा त्यांच्यावर आणि त्यांच्या अधिकाऱ्यांवर पडतो. टेलिफोनच्या तारा आधीच तुटल्या आहेत. रात्री ज्या प्रतिहल्ल्याची मरीन वाट पाहत होते तो आला नाही. आला असता तर किनारा टिकला असता असे मला वाटत नाही.

सूर्यास्त.

दिवसभरात सुमारे पाच हजार माणसे उतरवली गेली. त्यांतली पंधराशे मेलेली, जखमी किंवा बेपत्ता.

मेजर लॉरेन्स हेज यांची बटालियन अजून लगूनमध्ये आहे. हुकूम मिळत नाही, कारण यंत्रे चालत नाहीत. ती माणसे रात्रभर बोटींतच बसून राहतात.

२१ नोव्हेंबर. ६.१५.

हेज यांच्या बोटी खडकाकडे निघतात. काल चौथी लाट इथेच अडली, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पाणी तेवढेच आहे. फळ्या पडतात. तीच पाचशे मीटरची वाट, आणि आता बाजूने मारा करणाऱ्या मशीनगनमध्ये रात्रीतून पोहत येऊन आपल्याच निकामी ट्रॅक्टरांत आणि खडकावर फसलेल्या जहाजाच्या सांगाड्यात शिरलेले जपानी सैनिकही आहेत. सुमारे आठशेंपैकी तीनशेहून अधिक मारले जातात किंवा जखमी होतात.

त्या दुपारी भरती चढू लागते.

२३ नोव्हेंबर. दुपारी १.३०.

७६ तासांनंतर बेटिओ ताब्यात आल्याचे जाहीर होते. अमेरिकेचे हजाराहून अधिक मृत, दोन हजारांहून अधिक जखमी. जिवंत हाती लागलेले १४६ : १२९ कोरियन मजूर आणि १७ जपानी. १२५ एलव्हीटींपैकी चालू राहिले ३५.

३१ जानेवारी १९४४. क्वाजालेन, मार्शल बेटे.

मुख्य चढाईच्या आदल्या दिवशी शेजारच्या छोट्या बेटांवर तोफखाना उतरवला जातो, बैरिकीवर उतरवू दिला नव्हता तसाच. तोफमारा अधिक जवळून आणि अधिक काळ होतो. चढाईच्या लाटा ट्रॅक्टरांत आहेत. आणि कोणाच्याही अंदाजावर न राहता, खडकावर किती पाणी आहे ते पाहायला नौदलाची माणसे स्वतः पोहत जातात.